मुलाचा फोन, पालकांचं ॲप

“मावशी, आईला माझं व्हॉट्सॲप वाचता येईल का?”

भाचा आठवीत गेला आणि ताईचा जुना फोन त्याच्या वाट्याला आला. क्लास घरापासून तीन किलोमीटरवर, सुटायला रात्रीचे साडेआठ वाजतात. गृहपाठ, परीक्षेचं वेळापत्रक, ऐनवेळी जाहीर होणारी सुट्टी, सगळं क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. त्यामुळे फोन द्यायचा की नाही हा प्रश्न ताईपुढे उरलाच नव्हता. त्यावर कोणतं ॲप टाकायचं एवढंच ठरवायचं होतं. जेवणं आटोपल्यावर आम्ही तिघं टेबलाशी बसलो. फोन चार्जिंगला लावलेला होता आणि ताईकडे मैत्रिणींनी सुचवलेल्या सहा ॲपची यादी होती. त्यातल्या दोन ॲपची जाहिरातच अशी होती की मुलाला पत्तासुद्धा लागणार नाही. भाच्याने ती यादी पाहिली नव्हती, पण त्याने नेमका प्रश्न विचारला.

ताई गप्प राहिली. तिला ते वाचता यायला हवं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

अशा वेळी “सगळ्यात चांगलं ॲप कोणतं?” असं विचारून काही हाती लागत नाही. मी ताईला विचारलं, “तुला नेमकी भीती कशाची वाटते?” “सगळ्याचीच,” ती म्हणाली. मग एकेक गोष्ट बाहेर आली. रात्री पांघरुणात फोन बघत जागेल. नको ते व्हिडिओ समोर येतील. गेममध्ये पैसे घालवेल. क्लास सुटल्यावर कुठे आहे ते कळणार नाही. आणि कुणीतरी अनोळखी माणूस गोड बोलून त्याच्याशी ओळख वाढवेल. यातल्या पहिल्या चार गोष्टींत सॉफ्टवेअरची चांगली मदत होते. पाचवीत फार थोडी होते. पालक मात्र पैसे मोजतात ते बहुधा या पाचव्या भीतीपोटी, आणि ॲप विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

त्या पाचव्या भीतीबद्दल एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२४ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना स्मार्टफोनबद्दल विचारलं होतं. ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना तो वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारी मुलं ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ठाऊक असलेली मुलं ६२ टक्के निघाली. म्हणजे दहातल्या जवळजवळ चौघांना, नकोशा माणसाला दार कसं लावायचं हेच माहीत नव्हतं. हे शिकवायला दहा मिनिटं पुरतात. आम्ही त्या रात्री पहिलं काम तेच केलं. माझ्या फोनवरून मी भाच्याला मेसेज पाठवला आणि त्याने मला ब्लॉक करून दाखवलं. मग इन्स्टाग्रामवर तेच कुठून करायचं, तेही बघून ठेवलं.

त्यानंतर ॲपकडे वळलो.

आपल्याकडे बहुतेक घरांत अँड्रॉइड फोन असतो, म्हणून सुरुवात गूगलच्या फॅमिली लिंकपासून करावी. हे २०१७ साली आलं आणि त्याला पैसे पडत नाहीत. पालकांचा फोन अँड्रॉइड असो वा आयफोन, दोन्हींवर ते चालतं. मुलाचा फोन मात्र अँड्रॉइड हवा. त्याचं सगळं काम गूगल खात्यावर चालतं. मुलाच्या खात्याला पालकाचं खातं जोडलं जातं आणि मग पालकाच्या फोनवरून मुलाच्या फोनच्या वेळा, ॲप आणि काही सेटिंग ठरवता येतात. इथेच बहुतेक घरांत पहिली चूक होते. जुना फोन मुलाला देताना त्यातलं आईचं किंवा बाबांचं खातं तसंच राहतं. फोनच्या लेखी वापरणारी व्यक्ती चाळीस वर्षांची असते आणि तो तिला तसंच सगळं दाखवतो. फॅमिली लिंकला अशा फोनवर धरायला काही उरतच नाही. म्हणून आम्ही आधी फोन पूर्ण पुसून काढला आणि भाच्याच्या स्वतःच्या खात्याने नव्याने सुरू केला.

खातं उघडताना जन्मतारीख खरी टाका, हे मी हात जोडून सांगेन. इन्स्टाग्राम मिळावं म्हणून मुलं वय वाढवतात आणि कित्येकदा मोठी माणसंच त्यांना ते करून देतात. पण मुलांसाठी जी काही संरक्षणं आज कंपन्या देतात, ती बहुतेक त्या एका तारखेवर अवलंबून असतात. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये किशोरवयीन मुलांसाठी वेगळ्या प्रकारची खाती आणली आणि २०२५ मध्ये ती भारतात आली. त्यात खातं आपोआप खाजगी राहतं, अनोळखी माणसाला थेट मेसेज पाठवता येत नाही, रात्री सूचना बंद होतात, आणि सोळाच्या आतल्या मुलाला हे नियम सैल करायचे तर पालकाची परवानगी लागते. तेरा वर्षांच्या मुलाने स्वतःला एकोणीसचा सांगितलं की हे सगळं एका फटक्यात निघून जातं.

फॅमिली लिंकमध्ये आम्ही जे ठरवलं ते असं. रात्री साडेनऊ ते सकाळी सहा फोनला कुलूप. कुलूप असतानाही आलेला फोन उचलता येतो, त्यामुळे ताईची ती काळजी मिटली. यूट्यूबला दिवसाला पाऊण तास. व्हॉट्सॲपला मर्यादा नाही, कारण क्लासचं सगळं त्यावरच असतं. नवं ॲप घ्यायचं झालं की विनंती ताईच्या फोनवर जाते, आणि तिने हो म्हटल्यावरच ते उतरतं. क्रोममध्ये अश्लील संकेतस्थळं रोखण्याचा पर्याय चालू केला. फोन कुठे आहे ते नकाशावर दिसतं, मात्र फोन चालू हवा, त्यावर नेट हवं आणि लोकेशन सुरू हवं.

एक बारीक गोष्ट इथे हमखास सुटते. क्रोमवरची गाळणी फक्त क्रोमपुरती असते. कितीतरी फोनमध्ये कंपनीने स्वतःचा वेगळा ब्राउझर आधीच घालून ठेवलेला असतो. त्या ब्राउझरला या गाळणीशी काही देणंघेणं नसतं. ताईच्या जुन्या फोनवर असे दोन ब्राउझर निघाले. एक काढून टाकला. दुसरा निघत नव्हता, म्हणून तो फॅमिली लिंकमधून अडवला. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते राहिलं तर बाकीची मेहनत फुकट जाते.

आणि भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर? फॅमिली लिंकमधून मेसेज दिसत नाहीत. व्हॉट्सॲपवर, इन्स्टाग्रामवर तो कुणाशी काय बोलला हे ताईला कळणार नाही. ते ॲप किती वेळ उघडं होतं, एवढंच कळेल. मी हे सांगितलं तेव्हा भाच्याने सुटकेचा श्वास टाकला आणि ताईने कपाळाला आठी घातली. माझ्या मते मात्र तेरा वर्षांच्या मुलासाठी ही रेघ बरोबर जागी ओढलेली आहे. घरातल्या लॅण्डलाइनवर आपण मैत्रिणीशी बोलत असताना आईने दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचलून ऐकलं असतं तर आपल्याला काय वाटलं असतं, हे ताईला आठवून बघायला सांगितलं.

पहिला आठवडा फार छान गेला. यूट्यूबची पाऊण तासाची मर्यादा एकदाही ओलांडली गेली नाही. आठव्या दिवशी आजी म्हणाली, “अगं, माझ्या फोनवर हल्ली कीर्तनं दिसतच नाहीत. सारखे बंदुकांचे खेळच येतात.”

मुलाच्या फोनवरच्या कोणत्याही ॲपला सगळ्यात मोठी पळवाट घरातल्या दुसऱ्या फोनची असते. आजी नातवाला नाही म्हणत नाही, आणि तिने म्हणावं अशी अपेक्षाही करू नये. पण एकाच्याच फोनला कुलूप लावून घरातले बाकीचे चार फोन उघडे असतील तर ते कुलूप टिकत नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवले जातात. हा नियम पोरांबरोबर थोरांनाही लागू आहे, आणि माझ्या मते त्याचं बळ तिथेच आहे. ताईच्या घरात आता रात्री साडेनऊला सगळे फोन दिवाणखान्यातल्या कपाटावर जातात. ताईचा आणि भावोजींचासुद्धा. आजीच्या फोनला पासवर्ड लागला आणि तिची कीर्तनं परत आली.

आयफोन असेल तर वेगळं ॲप शोधायची गरज बहुधा पडत नाही. २०१८ साली आलेल्या आयओएस १२ पासून ‘स्क्रीन टाइम’ फोनमध्येच आहे. वेळ, ॲप, संकेतस्थळं, खरेदी, सगळं त्यात बांधता येतं. त्याचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा आणि मुलासमोर टाकू नका. ॲपलने केलेली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलाच्या फोनवर नग्न चित्र आलं किंवा मूल तसं चित्र पाठवू लागलं, तर फोन ते धूसर करतो आणि मुलाला थांबून विचार करायला सांगतो. मदत कुणाकडे मागायची तेही सुचवतो. ही तपासणी फोनच्या आतच होते, चित्र ॲपलकडे जात नाही. आयओएस १७ पासून तेराच्या आतल्या मुलांसाठी हे आपोआप चालू असतं. मूल अडखळतं त्याच क्षणी त्याला हात देणारं सॉफ्टवेअर असं असावं.

आता ज्या घरात मुलाला वेगळा फोन नाही त्या घरांबद्दल. अशी घरं फार आहेत आणि त्यांच्यासाठी कुणी लिहीत नाही. आई कामावरून आली की तिचा फोन मुलांच्या हातात जातो. त्याच फोनवर यूपीआय आहे, बँकेचे ओटीपी येतात, नातेवाइकांचे ग्रुप आहेत. इथे फॅमिली लिंकचा उपयोग नाही, कारण खातं आईचं आहे. मग काय करता येतं? काही अँड्रॉइड फोनमध्ये दुसरा वापरकर्ता तयार करता येतो. तसं असेल तर मुलासाठी वेगळा कप्पा करून द्यावा. त्या कप्प्यात आईचे मेसेज आणि पैशांची ॲप दिसत नाहीत. ही सोय सगळ्या कंपन्या देत नाहीत. ती नसेल तर ‘ॲप पिन’ नावाचं सेटिंग शोधा. त्याने एकच ॲप पडद्यावर खिळवून ठेवता येतं, आणि पिन टाकल्याशिवाय मुलाला त्यातून बाहेर पडता येत नाही. धाकट्या मुलाला बालगीतं लावून द्यायची असतील तर हे उत्तम. आयफोनवर हेच काम ‘गाइडेड ॲक्सेस’ करतं. प्ले स्टोअरमध्ये दर खरेदीला पासवर्ड विचारला जाईल असं करून ठेवा आणि यूपीआय ॲपला वेगळं कुलूप लावा. गेममध्ये पैसे गेल्याच्या तक्रारींत अनेकदा मुलाने काही फोडलेलं नसतं. दार उघडंच असतं.

घरी वायफाय असेल तर आणखी एक फुकटचा उपाय आहे. आपण संकेतस्थळाचं नाव टाकतो तेव्हा फोन आधी एका यादीत त्याचा पत्ता शोधतो. या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. क्लाउडफ्लेअर कंपनीने एप्रिल २०२० मध्ये कुटुंबांसाठी अशी एक यादी खुली केली. त्यात अश्लील आणि घातक संकेतस्थळांचे पत्ते दिलेच जात नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि दुसऱ्या ओळीत १.०.०.३ लिहिलं की त्या वायफायवरच्या सगळ्या फोनना, टीव्हीला, लॅपटॉपला ही गाळणी लागते. राउटर बसवायला येणाऱ्या माणसाला सांगितलंत तर तो करून देईल. फोनने वायफाय सोडून मोबाइल डेटा घेतला की मात्र ही गाळणी सुटते, आणि इन्स्टाग्रामच्या आत काय दिसतं यावर तिचा काही इलाज नाही.

विकतची ॲप कधी घ्यावीत? घरात मुलाचा फोन अँड्रॉइड, लॅपटॉप विंडोजचा, टॅब आयपॅड, असं कडबोळं असेल आणि सगळं एका जागी बघायचं असेल, तर क्वस्टोडिओ, कॅस्परस्की सेफ किड्स, नॉर्टन फॅमिली यांसारख्या नावांचा विचार करता येतो. अमेरिकेत फार गाजलेलं बार्क हे ॲप परदेशी याद्यांमध्ये सतत दिसतं, पण ते भारतासाठी नाही. वर्षाचे पैसे भरण्याआधी फुकटची मुदत त्याच फोनवर वापरून बघा, कारण अडचण तिथेच कळते. आपल्याकडचे पुष्कळ स्वस्त फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद करत राहतात. लक्ष ठेवणारं ॲप दुपारी झोपतं आणि पालकांना वाटतं, मूल आज शहाण्यासारखं वागलं. त्या ॲपला आपोआप सुरू होण्याची परवानगी देऊन, बॅटरीच्या बंधनातून ते वगळावं लागतं.

परवानग्या देताना जरा थांबून वाचा. अशी बरीच ॲप अँड्रॉइडवर ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ही सोय मुळात दृष्टिहीन आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. पडद्यावर जे आहे ते वाचून दाखवता यावं, म्हणून या परवानगीने ॲपला पडद्यावरचं वाचता येतं. मुलाचे मेसेज वाचता येतात तसेच पासवर्ड आणि ओटीपीही. एवढा अधिकार ज्याला द्यायचा ती कंपनी कोण, कुठली, माहिती कुठे ठेवते, खातं बंद केल्यावर ती पुसते का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळून घेतलेली संमती लागेल असं म्हटलं आहे. पण संमतीचं बटण आपणच न वाचता दाबलं तर कायदा आपल्या बाजूने किती उभा राहणार?

आणखी एक कसोटी खास आपली. बरीच ॲप “धोकादायक शब्द आढळल्यास सूचना” देण्याचं आश्वासन देतात. आपली मुलं मराठी, हिंदी, इंग्रजी एकत्र करून, तेही रोमन अक्षरांत, मनाला येईल त्या स्पेलिंगने लिहितात. इंग्रजी शब्दांच्या यादीवर चालणाऱ्या यंत्राला आपल्याकडची धमकी किंवा शिवी कळेलच, असं धरून चालू नका. फुकटच्या मुदतीत मुलाला सांगून तुम्हीच त्याच्या फोनवर असे दोन-चार मेसेज पाठवा आणि सूचना येते का ते पाहा.

ताईच्या यादीतल्या त्या दोन ॲपबद्दल मला अजिबात आडपडदा ठेवायचा नाही. लपून बसणारं ॲप मुलाच्या फोनवर टाकू नका. ते ओळखणं सोपं आहे. मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या ॲपने आपलं अस्तित्व लपवू नये, ते चालू असल्याची सूचना सतत दिसावी, असा नियम गूगलने प्ले स्टोअरवर ऑक्टोबर २०२० पासून लागू केला आहे. त्यामुळे अशी ॲप तिथे न ठेवता स्वतःच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवायला सांगतात, आणि त्यासाठी फोनमधलं ‘प्ले प्रोटेक्ट’ हे संरक्षण बंद करायला लावतात. सूचनांमध्ये “प्ले प्रोटेक्ट बंद करा” असं वाक्य दिसलं की तिथेच मागे फिरा.

यात मुलाच्या विश्वासाचा प्रश्न तर आहेच, पण तो क्षणभर बाजूला ठेवला तरी या धंद्याचा इतिहास पुरेसा बोलका आहे. टीनसेफ नावाचं अमेरिकी ॲप पालकांना मुलांच्या आयफोनमधले मेसेज दाखवायचं. त्यासाठी मुलाच्या ॲपल खात्याचा पासवर्ड द्यावा लागे आणि खात्याचं दुहेरी कुलूप काढून ठेवावं लागे. मे २०१८ मध्ये उघडकीला आलं की त्यांचे सर्व्हर उघडे पडले होते आणि त्यांत मुलांचे ते पासवर्ड साध्या मजकुरात लिहिलेले होते. किमान दहा हजार नोंदी त्यात होत्या. कुलूप काढायला लावलं ते पालकांनीच, मुलाच्या सुरक्षिततेसाठी. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने स्पायफोन या कंपनीवर आणि तिच्या प्रमुखावर पाळत ठेवणाऱ्या ॲपचा धंदा करण्यास बंदी घातली आणि चोरून गोळा केलेली माहिती पुसायला लावली.

सरकार पाठीशी असलं म्हणून ॲप भरवशाचं होतं असंही नाही. दक्षिण कोरियात एप्रिल २०१५ पासून अल्पवयीन मुलांच्या फोनवर घातक मजकूर रोखणारं सॉफ्टवेअर असणं बंधनकारक झालं. सरकारच्या पाठिंब्याने बनलेलं ‘स्मार्ट शेरीफ’ लाखो फोनवर गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं तेव्हा सुरक्षेच्या २६ त्रुटी सापडल्या. परक्या माणसाला मुलांची माहिती मिळवता येईल, इतक्या त्या गंभीर होत्या. नोव्हेंबरपर्यंत ते ॲप बाजारातून काढून घ्यावं लागलं.

मुलांना या ॲपबद्दल काय वाटतं? अमेरिकेतल्या काही संशोधकांनी प्ले स्टोअरवरची अशी ३७ ॲप घेतली आणि त्यांखाली खुद्द मुलांनी लिहिलेले ७३६ अभिप्राय वाचले. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक मुलांनी एकच तारा दिला होता. आई-वडिलांचं आपल्यावर लक्षच नको, असं सगळ्यांचं म्हणणं नव्हतं. जी ॲप बोलण्याला वाव देतात आणि मुलाला स्वतःची वेळ सांभाळायला मदत करतात, त्यांचं त्यांनी कौतुकही केलं होतं. त्याच विषयावरच्या एका आधीच्या अभ्यासात किशोरांसाठीच्या ७५ ॲपची छाननी झाली होती. त्यांतल्या ८९ टक्के सोयी पालकांच्या हातात नियंत्रण देणाऱ्या होत्या, आणि मुलाला स्वतःवर ताबा ठेवायला शिकवणाऱ्या अवघ्या ११ टक्के. ॲप निवडताना मी आता ही गोष्ट मुद्दाम बघते. मुलाच्या फोनवर त्याला स्वतःला काय दिसतं? किती वेळ उरला, नियम काय आहे, जास्तीचा वेळ कसा मागायचा, हे दिसत असेल तर त्या ॲपमधून त्याला काही शिकता येईल.

वयाचा हिशेबही लावायला हवा. सात-आठ वर्षांच्या मुलाला घट्ट कुंपण योग्य आहे, मोजकीच ॲप, बाकी बंद. तेराव्या वर्षी वेळेची आणि नव्या ॲपची बंधनं पुरतात. सोळाव्या वर्षी मला लोकेशन आणि रात्रीचं कुलूप एवढंच पटतं, तेही मुलाशी बोलून. दर वाढदिवसाला एक बंधन सुटलं पाहिजे. अठराव्या वर्षी होस्टेलवर जाणाऱ्या मुलाला आयुष्यातला पहिला मोकळा फोन त्या दिवशी मिळत असेल, तर तो सांभाळायला तो कुठे शिकला?

एवढं सगळं करूनही काही वाईट घडलंच तर काय करायचं, हे आधी ठरलेलं असू द्या, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. मूल रडत येऊन सांगतं की कुणीतरी फोटो मागितला, मी पाठवला, आता तो पैसे मागतोय. पहिलं वाक्य “तरी मी सांगत होते” हे नसावं. फोन हिसकावून सगळं पुसून टाकू नका, त्यातच पुरावा असतो. त्या माणसाचं खातं, वेळ, मेसेज तसेच राहू द्या. मुलाचे तसले फोटो नातेवाइकांना दाखवायला म्हणूनसुद्धा पुढे पाठवू नका, तसं पाठवणं हाच गुन्हा आहे. पैसे देऊ नका, दिल्याने मागणी थांबत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवाही आहे. अठराच्या आत काढलेला फोटो समाजमाध्यमांवर पसरू नये म्हणून त्याचा सांकेतिक ठसा ती कंपन्यांना देते, आणि मूळ फोटो मुलाच्या फोनमधून बाहेर जात नाही.

या सगळ्याची सुरुवात मूल येऊन सांगतं तिथून होते. चोरून मेसेज वाचणाऱ्या आईकडे मूल आपणहून येण्याची शक्यता किती, हा विचार करूनच ताईने ती दोन नावं यादीतून खोडली.

त्या रात्री शेवटी तिने आपला फोन भाच्याच्या हातात दिला. फॅमिली लिंक उघडून त्याने सगळं पाहिलं. नकाशावर आपल्याच घरावर टेकलेला ठिपका, यूट्यूबची मिनिटं, अडवलेल्या ब्राउझरचं नाव. मेसेज कुठेच नाहीत हे त्याने दोनदा तपासलं. “बरं,” म्हणाला आणि झोपायला गेला. महिन्याभराने त्याने शनिवार-रविवारसाठी यूट्यूबचा अर्धा तास वाढवून मागितला, आणि ताईने दिला.

तुम्ही कोणतंही ॲप निवडा, फुकटचं वा विकतचं. ते टाकताना मुलाला शेजारी बसवा, आणि तुमच्या फोनवर त्याच्याबद्दल जे जे दिसतं ते एकदा त्यालाही दाखवा.